शिकाऊ परिचारिकांना वॉर्ड सांभाळायला कसे शिकवावे

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात व्यवस्थापनाचा विषय बहुधा शेवटच्या टप्प्यात येतो, आणि येतो तेव्हा नियोजन, संघटन, निर्देशन, नियंत्रण या शब्दांच्या व्याख्या पाठ करून घेण्यातच त्याचे बरेचसे तास संपतात. त्या पेपरात उत्तम गुण मिळवलेली विद्यार्थिनी नोकरीवर रुजू होते आणि पहिल्याच रात्रपाळीत वीस रुग्ण, एक मदतनीस आणि एकाच वेळी वाजणाऱ्या तीन घंटा समोर आल्या की गोंधळून जाते. कोणते काम आधी करायचे, कोणते दुसऱ्यावर सोपवायचे, डॉक्टरांना रात्री दोन वाजता फोन करायचा की सकाळपर्यंत थांबायचे, हे तिला ठरवता येत नाही. अमेरिकी संशोधक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ साली या अवस्थेला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले, आणि नव्या परिचारिका हा व्यवसाय का सोडून जातात याच्याशी त्याचा संबंध जोडला. इतक्या वर्षांनंतरही तो धक्का बसतोच. याचा अर्थ, आपण शिक्षक म्हणून काहीतरी फार उशिरा किंवा फार कोरडेपणाने शिकवतो.

माझ्या अनुभवाने मी एका मतावर आले आहे. नेतृत्व आणि व्यवस्थापन शिकवायचे असेल तर विद्यार्थ्यांच्या हाती खरी जबाबदारी थोड्या थोड्या प्रमाणात, मोजून द्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी त्यानंतर त्यांच्याशी बसून बोलावे लागते. सिद्धान्त त्यानंतर आले तर ते समजतात. आधी आले तर केवळ लक्षात राहतात. पुढे जे लिहिले आहे ते याच मताला धरून आहे.

आधी ध्येय ठरवा

अमेरिकी परिचर्या-संशोधक पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. त्यांच्या मांडणीनुसार सक्षमतेची पायरी गाठायला एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन ते तीन वर्षे जातात. म्हणजे पदवी हाती पडते त्या दिवशी विद्यार्थिनी दुसऱ्या पायरीच्या आसपास असते, आणि तिच्याकडून वॉर्ड इन्चार्जची जाण अपेक्षित धरणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. शिक्षणाच्या अखेरीस तिला चार गोष्टी याव्यात एवढे ध्येय पुरेसे आहे: आपल्या वाट्याच्या रुग्णांच्या कामाचा क्रम लावणे, स्पष्ट हँडओव्हर देणे (पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या परिचारिकेला सांगणे), काम सोपवून त्याचा पाठपुरावा करणे आणि धोका दिसताच वेळेत बोलणे. या चार गोष्टी पक्क्या झालेल्या परिचारिकेला पुढचे सारे वॉर्डच काही वर्षांत शिकवतो.

सुरुवात पहिल्या वर्षापासून करावी. पहिल्या वर्षी एका रुग्णाची आणि स्वतःच्या वेळेची जबाबदारी द्यावी. पाळीच्या आरंभी तिने तासांनुसार कामाचा आराखडा लिहावा आणि पाळी संपताना त्यातले काय झाले, काय राहिले आणि का राहिले, हे त्याच कागदावर नोंदवावे. दुसऱ्या वर्षी दोन-तीन रुग्ण द्यावेत. पुढे चार-पाच रुग्णांच्या एका भागाची गटप्रमुख म्हणून तिच्या हाताखाली कनिष्ठ विद्यार्थी द्यावेत, आणि शेवटच्या वर्षी इन्चार्ज सिस्टरच्या सोबतीने पूर्ण पाळी तिच्याकडून चालवून घ्यावी. पायरी ओलांडण्याचा निर्णय वर्षावर सोडू नये, विद्यार्थिनीची तयारी पाहून घ्यावा.

कामाचा क्रम: पाच पत्ते

क्रम लावायला शिकवण्यासाठी मी पुठ्ठ्याचे पत्ते वापरते. वेळ सकाळी सातची. पहिल्या पत्त्यावर पोटाची शस्त्रक्रिया होऊन सहा तास झालेला रुग्ण आहे, त्याच्या वेदना दहापैकी सात आहेत आणि वेदनाशामकाची वेळ झालेली आहे. दुसरा मधुमेही आहे, नाश्ता समोर आला आहे आणि इन्सुलिन नाश्त्याआधी द्यायचे आहे. तिसरा न्यूमोनियाचा वृद्ध रुग्ण आहे. रात्री नीट बोलत होता, आता असंबद्ध बोलतो आहे आणि त्याची श्वसनगती मिनिटाला २८ आहे. चौथ्या रुग्णाला आज घरी सोडायचे आहे आणि त्याचे नातेवाईक कागदपत्रांसाठी तिसऱ्यांदा काउंटरवर आले आहेत. पाचव्याचे सलाईन संपत आले आहे. प्रत्येक गटाने दोन मिनिटांत पत्ते क्रमाने लावावेत.

बहुतेक गट आधी नातेवाईकांकडे किंवा वेदनेने कळवळणाऱ्या रुग्णाकडे धावतात, कारण त्यांचा आवाज मोठा असतो. वृद्ध रुग्ण शांत असतो, म्हणून तो मागे पडतो. येथे थांबून ‘न्यूज २’ या धोकासूचक गुणपद्धतीचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवावा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सुधारून दिलेल्या या पद्धतीत नव्याने उद्भवलेल्या मानसिक गोंधळाला तीन गुण आहेत आणि श्वसनगती २५ किंवा अधिक असल्यास आणखी तीन. एकूण पाच गुणांवर रुग्णाकडे तातडीने पाहणे आवश्यक ठरते, आणि हा रुग्ण बाकीच्या मोजमापांआधीच सहावर पोहोचलेला असतो. हे आकडे स्वतः जुळवून पाहिल्यावर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो व्याख्यानाने पडत नाही.

पण खरा धडा त्यानंतरचा आहे. क्रम लागला की विचारावे: तू तिसऱ्या रुग्णापाशी असताना बाकी चौघांचे काय? इन्सुलिन कोण देणार, वेदनाशामकासाठी कोणाला सांगणार, सलाईनकडे कोण पाहणार, नातेवाईकांना एका वाक्यात काय सांगणार? या प्रश्नावर क्रम लावण्याचे काम संपते आणि व्यवस्थापन सुरू होते. मग मध्येच सहावा पत्ता टाकावा: नवा रुग्ण दाखल होतो आहे आणि मदतनीसाला दुसऱ्या वॉर्डात बोलावले आहे. आधीचा बेत मोडून नवा करता येणे हे कौशल्य मुद्दाम शिकवावे लागते, कारण चुकीच्या बेताला चिकटून राहण्याची ओढ हुशार विद्यार्थ्यांत अधिक दिसते.

हँडओव्हर आणि फोन

या भागाला सर्वाधिक वेळ द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. पाळी बदलताना हरवलेली माहिती रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, आणि नेतृत्वाची ओळखही येथेच पटते: जी परिचारिका मोजक्या शब्दांत नेमके सांगते तिच्याकडे लोक लक्ष देतात.

‘एसबार’ ही चार भागांची रीत मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर माहिती देण्यासाठी वापरली जात होती. पुढे कैसर परमनेन्टे या अमेरिकी आरोग्यसेवा संस्थेतील डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रुग्णालयात आणली. आता काय घडते आहे, त्यामागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते आणि काय करावे असे मी सुचवते, हे ते चार भाग. रीत पाच मिनिटांत समजते, पण अंगवळणी पडायला कित्येक आठवडे लागतात.

सराव असा घ्यावा. दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवावे, म्हणजे हावभावांचा आधार राहणार नाही आणि फोनवर असल्यासारखे बोलावे लागेल. एकीच्या हाती तिसऱ्या पत्त्यावरच्या रुग्णाची माहिती द्यावी, दुसरी रात्रपाळीचे डॉक्टर होईल. पहिल्या प्रयत्नात हमखास असे ऐकू येते: “सर, बारा नंबरचे पेशंट जरा बरे वाटत नाहीत, तुम्ही येऊन बघाल का?” यात डॉक्टरांना निर्णय घेण्यासारखे काहीच नाही. पुन्हा पुन्हा सराव केल्यावर तेच बोलणे असे होते: “सर, मी मेडिकल वॉर्डातून बोलते आहे, बारा नंबरच्या पेशंटबद्दल. त्यांची श्वसनगती २८ आहे आणि गेल्या अर्ध्या तासात ते असंबद्ध बोलू लागले आहेत. न्यूमोनियासाठी काल दाखल झाले, वय ७६, रात्री पूर्ण शुद्धीत होते. मला वाटते की संसर्ग वाढतो आहे किंवा ऑक्सिजन कमी पडतो आहे. तुम्ही लगेच येऊन पाहावे असे मी सुचवते. तोपर्यंत ऑक्सिजन सुरू करू का?”

चौथा भाग, म्हणजे सूचना, विद्यार्थी नेहमी गाळतात. विचारले तर सांगतात की आम्ही डॉक्टरांना कसे सुचवणार. हा संकोच समजून घ्यावा, पण त्याला मान्यता देऊ नये. सूचना केल्याने निर्णय हिरावून घेतला जात नाही. रुग्णापाशी उभी असलेली व्यक्ती काय पाहते आहे, हे दूरच्या माणसाला कळते. फोनवर मिळालेला आदेश लिहून घेऊन मोठ्याने परत वाचून दाखवण्याची सवयही याच सरावात लावावी. औषधाचे नाव, मात्रा, मार्ग आणि वेळ या चारही गोष्टी वाचून होईपर्यंत फोन ठेवायचा नाही.

वॉर्डातील खरा हँडओव्हर विद्यार्थिनीने शक्यतो खाटेशेजारी, रुग्णाला बोलण्यात सामील करून घेऊन द्यावा. शिक्षकाने मागे उभे राहावे आणि मध्ये बोलू नये. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच थांबवावे. राहिलेल्या बाकी गोष्टी कागदावर टिपून नंतर सांगाव्यात. शिक्षकाने मध्ये वाक्य पूर्ण केले की पुढच्या वेळी विद्यार्थिनी वाक्य अर्धवट सोडून शिक्षकाकडे पाहू लागते, हे मी माझ्याच चुकांमुळे शिकले.

बोलण्याचे धैर्य

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास करताना औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या गटांत चुका कमी दिसतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ज्या गटांचे नेतृत्व चांगले मानले जात होते तेथे चुकांची नोंद जास्त होती, कारण तेथे लोक चुका सांगायला घाबरत नव्हते. विद्यार्थ्यांना हा अभ्यास अवश्य सांगावा, आणि शिक्षकांनी तो स्वतःलाही लावून पाहावा.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक घटना सांगते. राउंड चालू असताना एक दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, एक विचारायचे होते.” मी तिला “नंतर बोलू” असे म्हणून थांबवले. थोड्या वेळाने एका अनुभवी सिस्टरने भरलेले इंजेक्शन रुग्णाला देण्याआधी बाजूला ठेवले, कारण केस पेपरवर त्या औषधाच्या अ‍ॅलर्जीची नोंद होती. विद्यार्थिनी तेच सांगायला आली होती. रुग्णाला काही झाले नाही, पण त्या मुलीने पुढचे कित्येक महिने मला स्वतःहून काही विचारले नाही, आणि ते नुकसान मीच केले होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक तुकडीत एक नियम आहे: विद्यार्थ्याने “थांबा” हा शब्द उच्चारला की मी हातातले काम थांबवते. शंका चुकीची निघाली तरी मी त्याला धन्यवाद देते, आणि ते सर्वांसमोर देते.

बोलण्यासाठी तयार वाक्ये द्यावीत, कारण भीतीच्या क्षणी शब्द सुचत नाहीत. २००६ पासून वापरात असलेल्या ‘टीमस्टेप्स’ या अमेरिकी प्रशिक्षणात चढत्या तीव्रतेची तीन वाक्ये आहेत. ती आपल्या बोलण्यात अशी बसतात: “सिस्टर, मला या डोसची काळजी वाटते.” त्यावर दाद मिळाली नाही तर, “हे असेच द्यावे असे माझे मन घेत नाही.” आणि त्यानंतर, “हा पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आपण आधी तपासूया.” एकदा सांगून दुर्लक्ष झाले तर दुसऱ्यांदा सांगायचेच, आणि तरीही ऐकले नाही तर वरच्या व्यक्तीकडे जायचे, हा नियमही त्याच प्रशिक्षणातला आहे. वर्गात मी स्वतः चिडलेल्या वरिष्ठाची भूमिका घेते आणि विद्यार्थ्यांना माझ्यासमोर ही वाक्ये म्हणायला लावते. आदरार्थी रूप सोडायचे नाही आणि मुद्दाही सोडायचा नाही, हे दोन्ही एका वाक्यात साधता येते याची त्यांना प्रचीती यायला हवी.

काम सोपवणे

काम सोपवताना पाच गोष्टी योग्य असाव्या लागतात: काम, परिस्थिती, व्यक्ती, सूचना आणि देखरेख. काम दुसऱ्याकडे दिले तरी उत्तरदायित्व परिचारिकेकडेच राहते, आणि रुग्णाच्या स्थितीचे मूल्यमापन किंवा परिचर्येचा निर्णय मदतनीसावर सोपवता येत नाही, ही मर्यादा प्रथम स्पष्ट करावी.

विद्यार्थ्यांचे दोन टोकांचे दोष दिसतात. काही जणी सारे स्वतःच करत बसतात, कारण वयाने मोठ्या मदतनीसांना काम सांगणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. काही जणी काम सांगतात आणि विसरून जातात. दोन्हींवर उपाय सूचनेच्या शब्दांत आहे. “चार नंबरचे बीपी बघून घ्या” या वाक्यात केव्हा, काय आढळल्यास काय करायचे आणि कोणाला सांगायचे, यांपैकी काहीही नाही. “चार नंबरचे बीपी आता घ्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा घ्या. वरचा आकडा १०० च्या खाली आला तर लिहीत थांबू नका, मला येऊन सांगा. मी सहा नंबरपाशी आहे. साडेआठला मी स्वतः चार्ट पाहीन,” हे वाक्य पूर्ण आहे. विद्यार्थ्यांना अपुरी वाक्ये देऊन ती अशी पूर्ण करून घ्यावीत, आणि ऐकणाऱ्याकडून सूचना परत म्हणवून घ्यावी.

ड्युटी चार्ट

ड्युटी चार्ट करायला दिला की व्यवस्थापनाचे गणित आणि माणसे दोन्ही एकदम समोर येतात. आधी गणित करून घ्यावे. चोवीस तास भरलेली एक जागा म्हणजे आठवड्याला १६८ तास. प्रत्येकीचे ४० तास धरले तर त्या एका जागेसाठी ४.२ परिचारिका लागतात. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी सहा आठवडे रजा, आजारपण आणि प्रशिक्षणात गेले असे धरले तर हा आकडा सुमारे ४.७५ होतो. एका खुर्चीवर एक माणूस एवढाच हिशेब मनात असलेल्या विद्यार्थ्यांना हा आकडा चकित करतो. यालाच जोडून परिचर्या-संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा अभ्यास सांगावा. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या त्या अभ्यासात, एका परिचारिकेमागे एकेक जादा रुग्ण वाढताना शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. मनुष्यबळाची मागणी कशी मांडायची, हे शिकवायला यापेक्षा चांगला आधार मला माहीत नाही.

मग चौकटीच्या कागदावर दहा परिचारिकांचा दोन आठवड्यांचा चार्ट करायला द्यावा. अटी अशा: रात्रपाळ्यांनंतर विश्रांती, संध्याकाळच्या पाळीनंतर लगेच सकाळची पाळी नाही, प्रत्येक पाळीत किमान एक अनुभवी परिचारिका, आणि दोघींनी एकाच दिवशी मागितलेली रजा. चार्ट तयार झाला की वर्गातल्याच दहा जणांना ती नावे वाटून द्यावीत आणि ज्यांच्या वाट्याला जास्त रात्री आल्या आहेत त्यांना चार्ट करणारीशी बोलायला लावावे. नकार कसा द्यायचा, चूक मान्य करून बदल कसा करायचा, एकीच्या अडचणीचा भार दुसरीवर गुपचूप कसा टाकायचा नाही, हे सारे त्या पंधरा मिनिटांत येते. वर्गात मतभेद झाले तर घाई करून मिटवू नयेत.

साठा, इंडेंट (साहित्याची मागणी) आणि उपकरणांची नोंद हा भाग लवकर आटोपतो. प्रत्येकीने एकदा आपत्कालीन ट्रॉली यादीप्रमाणे स्वतः तपासावी, मुदत संपलेली औषधे बाजूला काढावीत आणि सही करावी. १८५४ साली क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कामाचा मोठा भाग स्वयंपाकघर, धुलाई आणि पुरवठा सुरळीत करण्याचा होता, एवढे या वेळी सांगितले की नोंदवह्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

सिद्धान्त केव्हा सांगावेत

इतका अनुभव गाठीशी आल्यावर नेतृत्वाच्या शैलींचा तास घ्यावा. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ साली मांडलेल्या हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळीक देणाऱ्या शैली विद्यार्थ्यांनी आता स्वतःच्या प्रसंगांत ओळखाव्यात. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाभोवती एकाच व्यक्तीने स्पष्ट आदेश द्यावे लागतात. ड्युटी चार्टसाठी तीच रीत गटाला दुखावते. कोणती शैली चांगली असे न विचारता, कालच्या पाळीत कोणत्या वेळी कोणती हवी होती असे विचारावे.

शेवटच्या वर्षी प्रत्येक गटाला एक छोटी सुधारणा करायला द्यावी: योजना, अंमल, अभ्यास, बदल या चक्राने. विषय विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला हवा. रुग्णाच्या हाताशी घंटा आहे का, हा उत्तम विषय आहे. एक आठवडा रोज ठरलेल्या वेळी मोजावे, एक बदल करून पाहावा, पुन्हा मोजावे आणि आकडे इन्चार्ज सिस्टरना दाखवावेत. बदल अपयशी ठरला तरी गुण कमी करू नयेत. मोजणी प्रामाणिक आहे का ते पाहावे.

पाळीनंतरची वीस मिनिटे आणि मूल्यमापन

चर्चा त्याच दिवशी व्हावी आणि आधी विद्यार्थिनीने बोलावे. मी तीन प्रश्न विचारते: कोणता निर्णय घेताना तू सर्वांत जास्त अडखळलीस, त्या क्षणी तुला काय माहीत होते आणि काय नव्हते, आणि मदत कोणाकडे मागितलीस. शेवटच्या प्रश्नाला “कोणाकडे नाही” असे उत्तर आले तर बाकी सारे बाजूला ठेवून त्यावरच बोलावे.

वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० साली ज्ञान, ते वापरण्याची समज, ते करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे अशी चार थरांची मांडणी केली. लेखी परीक्षा खालच्या दोन थरांपर्यंतच पोहोचते. त्यामुळे पत्त्यांचा सराव, फोनवरचे बोलणे आणि वॉर्डातील पाळी यांचे निरीक्षण करून गुण द्यावेत आणि त्यात इन्चार्ज सिस्टरचे मत घ्यावे. विद्यार्थिनीने कोणती औषधे देखरेखीशिवाय द्यायची नाहीत, शिक्षक कुठे उभे असतील आणि कोणत्या क्षणी ते सूत्रे हाती घेतील, हे इन्चार्ज सिस्टरशी पाळीच्या आदल्या दिवशीच लेखी ठरवावे. विद्यार्थी पाळी सांभाळत आहेत हे रुग्णांनाही सांगावे.

एखादी विद्यार्थिनी पाळी चालवण्यात कमी पडली तर “आत्मविश्वास वाढव” असा शेरा लिहू नये. त्यावरून तिला काय करायचे ते कळत नाही. काय दिसले ते लिहावे: दोनदा काम सोपवले, पण पाठपुरावा केला नाही, हँडओव्हरमध्ये सूचना सांगितली नाही. तिला एक पायरी मागे, चार रुग्णांवर आणावे, दोन आठवडे तेवढ्या दोनच गोष्टींचा सराव द्यावा, आणि पुन्हा पाळी देण्याची तारीख त्याच वेळी तिच्या हाती द्यावी.